फेसखाना : टोपीच्या कारखान्याचे कलाकेंद्र होताना

हैदराबादेतील जुन्या घरांतून अजूनही क्वचित एखाद्या कपाटावर, पुठ्ठ्याच्या डब्यात जपून ठेवलेली रूमी टोपी आढळते. लाल लोकरीची, वर काळा गोंडा असलेली. प्रस्तुत लेखकाच्या आजोबांचीही अशी एक टोपी होती. ईदच्या दिवशी आणि एखाद्या मोठ्या समारंभाला ती शेरवानीबरोबर बाहेर निघे आणि संध्याकाळी पुन्हा डब्यात जाई. तिला 'रूमी' का म्हणतात, असे लहानपणी विचारले तेव्हा 'रूमहून आली म्हणून' एवढेच उत्तर मिळाले होते. हा रूम म्हणजे इटलीतील रोम नव्हे, उस्मानी तुर्कांचे राज्य होय, हे पुढे उर्दू साहित्याचा अभ्यास करताना कळले. शिबली नोमानींनी १८९२ मध्ये ज्या मुलखाचा प्रवास केला आणि ज्याचे वर्णन 'सफरनामा-ए-रूम-ओ-मिस्र-ओ-शाम' या ग्रंथात केले, तोच हा रूम.

या टोपीसाठी इस्तंबूल शहरात एक सरकारी कारखाना उभारण्यात आला होता. त्याचे नाव फेसखाना. तुर्की उच्चारात 'ख' चा 'ह' होतो आणि शेवटचा 'आ' जाऊन तेथे 'ए' येतो, म्हणून तेथील लोक त्याला 'फेसहाने' म्हणतात. परंतु कारखाना, दवाखाना, तोफखाना हे शब्द ज्यांच्या जिभेवर आहेत त्यांना हे नाव परके वाटण्याचे कारण नाही. कारखाना ज्या भागात आहे त्याचे नाव दफ्तरदार. आपल्या मराठी कागदपत्रांतील दप्तरदाराचाच हा सख्खा भाऊ.

सुमारे दीडशे वर्षे चाललेला हा कारखाना १९८६ मध्ये बंद पडला. त्यानंतर त्याच्या उरलेल्या इमारतीचे सांस्कृतिक केंद्रात रूपांतर करण्यात आले. आणि तेही एकदा नव्हे, तर १९९२, १९९८ आणि २०२३ असे तीन वेळा. तीनही वेळा भिंती त्याच, खांब तेच. बदलली ती आत आणावयाच्या 'संस्कृती'ची कल्पना. बंद गिरण्यांचे काय करावे, हा प्रश्न आपल्याकडेही मुंबईपासून नांदेड-वरंगळपर्यंत पडून आहे. त्या दृष्टीने फेसखान्याचा इतिहास इतिहासाच्या, भाषेच्या आणि समाजशास्त्राच्या अध्यापकांनी मुळापासून पाहण्यासारखा आहे.

इ.स. १८२६ च्या जूनमध्ये सुलतान दुसरा महमूद याने जानिसारी फौज मोडून काढली. शेकडो वर्षे राज्याचा कणा असलेली आणि अखेरीस राज्याच्याच डोक्यावर बसलेली ही फौज गेल्यावर नवी फौज उभी करणे भाग होते. तिला नवा गणवेश हवा, आणि गणवेशाला डोक्यावरचे काहीतरी हवे. जुन्या फौजेची पागोटी आणि उंच टोप्या म्हणजे जुन्या फौजेचीच आठवण. तेव्हा उत्तर आफ्रिकेत प्रचलित असलेली लाल लोकरी टोपी, म्हणजे फेस, पसंत करण्यात आली. आरंभीचा माल ट्युनिसहून आणविला गेला. पुढे १८२९ मध्ये पोशाखाचा कायदा होऊन मुलकी अधिकाऱ्यांनाही फेस सक्तीची झाली.

या कायद्याचे महत्त्व केवळ पोशाखापुरते नव्हते. तोपर्यंत माणसाच्या पागोट्याचा आकार, रंग आणि घड्या पाहून तो कोणत्या दर्जाचा, कोणत्या धर्माचा, कोणत्या पेशाचा हे ओळखता येत असे. अमेरिकन इतिहासकार डोनाल्ड क्वाटर्ट यांनी १९९७ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात असे दाखवून दिले आहे की, आधीचे पोशाखाचे कायदे हे भेद टिकविण्यासाठी होत होते, तर १८२९ चा कायदा ते पुसण्यासाठी होता. उलेमांना त्यांची पागोटी ठेवण्याची सवलत मिळाली. बाकीच्यांच्या डोक्यावर, मुसलमान असो, आर्मेनियन असो वा यहुदी, एकच लाल टोपी आली. त्या काळातील अनेक दीनदार मंडळींना ही टोपी म्हणजे नवे खूळ वाटले होते, ही गोष्ट येथे नमूद करून ठेवणे जरूर आहे. पुढे तिचा संदर्भ येणार आहे.

एवढ्या डोक्यांना टोप्या परदेशातून किती काळ आणणार? म्हणून १८३० च्या दशकात सरकारने स्वतःचा कारखाना काढला. तो प्रथम जुन्या शहरातील कादिर्गा भागात होता. १८३९ च्या सुमारास तो हालिच खाडीच्या काठी, एयूप भागात हलविण्यात आला. हालिच म्हणजे अरबी 'खलीज'. इंग्रजी पुस्तकांतून हिलाच 'सोन्याचे शिंग' म्हटलेले असते. एयूप म्हणजे अय्यूब. हजरत अबू अय्यूब अन्सारी यांची मजार आणि मशीद येथे आहे, आणि नव्या सुलतानाच्या कमरेला तलवार बांधण्याचा विधी याच ठिकाणी होत असे. अशा परिसरात एक शाही महाल होता, त्या जागेवर कारखाना आला. पवित्र स्थळाच्या शेजारी वाफेच्या यंत्रांचा धूर, हे दृश्य आज विचित्र वाटेल. त्या काळच्या सुलतानांना त्यात विसंगती वाटली नाही.

टोपी कशी तयार होत असे, हे सांगितल्याशिवाय कारखान्याचे वर्णन पुरे होणार नाही. फेस कापून शिवलेली नसते, विणलेली असते. लोकरीच्या पांढऱ्या सुताची एक मोठी, ढगळ पिशवी प्रथम सुयांवर विणतात. तिचा आकार डोक्यापेक्षा पुष्कळ मोठा. मग ती गरम पाण्यात साबण लावून इतकी मळतात की, लोकरीचे तंतू एकमेकांत गुंतून ती आकसते आणि तिचा जाड नमदा होतो. त्यानंतर काटेरी बोंडाने घासून तिच्यावर लव उठवितात, ती लव कातरून सारखी करतात, आणि मग रंग देतात. लाल रंगासाठी किरमिज नावाचा किडा आणि त्याच्या जातीचे इतर किडे वापरले जात. मराठीतील 'किरमिजी' हा शब्द त्यावरूनच आला आहे. शेवटी टोपी पितळी साच्यावर चढवून वाफेने दाबतात व गोंडा लावतात. साच्याला तुर्कीत 'कालिप' म्हणतात. हा आपला उर्दूतील 'कालिब'. टोपी पावसात भिजली की बेडौल होई, म्हणून ती पुन्हा साच्यावर चढवून देणारी स्वतंत्र दुकाने इस्तंबुलात असत.

या कामातला पहिला टप्पा, म्हणजे विणकाम, फार मोठ्या प्रमाणावर बायका करीत. सूत घरी न्यायचे, टोप्या विणून आणायच्या आणि मजुरी घ्यायची, अशी पद्धत होती. म्हणजे कारखान्याच्या भिंतींइतकाच हा कारखाना शहरातील घरांच्या उंबऱ्यांवरही चालत असे. कामगारांत मुसलमान होते, ग्रीक होते, आर्मेनियन होते. १८७० च्या दशकात, राज्याची तिजोरी रिकामी असताना मजुरी थकली, तेव्हा फेसखान्यातील स्त्रिया अर्ज घेऊन थेट बाबे-आलीपर्यंत, म्हणजे वजिराच्या कचेरीपर्यंत गेल्या. तुर्की कामगार चळवळीचा इतिहास लिहिणारे या घटनेची गणना आरंभीच्या संपांत करतात. टोपी घालणाऱ्या पाशांची तैलचित्रे आपल्याला पुष्कळ मिळतात. टोपी विणणाऱ्या बायकांपैकी एकीचेही नाव प्रस्तुत लेखकाच्या वाचनात आलेले नाही.

यंत्रांविषयी थोडक्यात सांगायचे तर, १८४० च्या दशकात वाफेची यंत्रे आली आणि टोप्यांबरोबर फौजेसाठी लोकरी कापडही निघू लागले. १८६६ मध्ये आगीत कारखान्याचे मोठे नुकसान झाले. दोन वर्षांत तो पुन्हा बांधण्यात आला. त्या बांधणीत ओतीव लोखंडाचे बारीक, उंच खांब ओळीने उभे करून त्यांवर छप्पर टाकण्यात आले. मधे भिंती नाहीत, मागे ओळीने मागच मांडता यावेत अशी ही विणशाळा. हेच खांब आज कलाकेंद्राची शोभा म्हणून छायाचित्रांत दिसतात. ते शोभेसाठी नव्हते. मागांच्या मधे जाड भिंत आली तर जागा वाया जाते, हा त्यामागील साधा हिशेब होता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फेस ही उस्मानी माणसाची आणि हळूहळू सगळ्या जगात मुसलमानाची खूण झाली. सर सय्यद अहमद खान यांनी ती स्वीकारली, अलीगढच्या विद्यार्थ्यांच्या पोशाखात ती आली आणि तेथून आपल्याकडच्या शिकलेल्या वर्गात पसरली. निजामाच्या राज्यात ती शेरवानीबरोबर रुळली. परंतु गंमत अशी की, खुद्द उस्मानी राज्यात विकल्या जाणाऱ्या टोप्यांतील मोठा हिस्सा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात तयार होई. बोहेमियातील स्त्राकोनित्से हे गाव त्यासाठी प्रसिद्ध होते. सरकारी कारखाना असूनही बाजार परक्याच्या हाती! १९०८ च्या ऑक्टोबरात ऑस्ट्रियाने बोस्निया-हर्झेगोविना आपल्या राज्यास जोडून घेतला, तेव्हा इस्तंबूलच्या लोकांनी ऑस्ट्रियन मालावर बहिष्कार टाकला आणि लाल फेस फेकून दुसऱ्या टोप्या घातल्या. बंगालच्या फाळणीनंतरच्या आपल्या स्वदेशी चळवळीला तेव्हा तीनच वर्षे झाली होती. वर्गात स्वदेशी शिकविताना हे उदाहरण सांगितले की विद्यार्थी कान टवकारतात, असा अनुभव आहे.

मग आला २५ नोव्हेंबर १९२५. मुस्तफा कमाल यांच्या प्रजासत्ताकाने हॅटचा कायदा केला आणि फेस घालणे गुन्हा ठरला. एर्झुरूम, सिवास, रिझे इत्यादी ठिकाणी निदर्शने झाली, ती कठोरपणे दडपली गेली. इस्किलिपचे आतिफ खोजा या आलिमांनी हॅटविरुद्ध एक पुस्तिका लिहिली होती. ती कायद्याच्या आधीची, १९२४ ची. तरीही त्यांना फेब्रुवारी १९२६ मध्ये फाशी देण्यात आले. शंभर वर्षांपूर्वी जी टोपी दीनदारांना नवे खूळ वाटली होती, तिच्यासाठी आता दीनदार माणसे तुरुंगात जात होती. दोन्ही वेळा सक्ती सरकारची होती, हा धागा सुटता कामा नये. टोपी घालण्याचा हुकूम आणि टोपी काढण्याचा हुकूम एकाच पद्धतीने आले.

टोपी गेली म्हणून कारखाना बंद पडला, असा समज होण्याचा संभव आहे. तसे झाले नाही. लोकरी कापडाचे काम आधीपासूनच चालू होते, आणि फौजेला हॅट घातली तरी कोट लागतोच. १९३३ मध्ये सुमेरबँक ही सरकारी औद्योगिक बँक स्थापन झाली आणि फेसखाना तिच्या ताब्यात जाऊन 'दफ्तरदार लोकरी कापड गिरणी' झाला. या पुढच्या अर्धशतकाबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. सुलतानांचा काळ रंगतदार, कलाकेंद्राचा काळ वादग्रस्त. मधली पन्नास वर्षे कोट आणि घोंगड्यांची, म्हणून ती दोन ओळींत आटोपतात. वास्तविक आज हयात असलेल्या एखाद्या म्हाताऱ्याने फेसखान्यात काम केले असेल तर ते याच काळात. प्रस्तुत लेखही या बाबतीत फार वेगळे करू शकत नाही, हे कबूल केले पाहिजे.

१९८४ मध्ये इस्तंबूलचे महापौर झालेले बेद्रेद्दीन दालान यांनी हालिचचे दोन्ही काठ साफ करण्याची मोहीम काढली. खाडीचे पाणी कारखान्यांच्या सांडपाण्याने सडले होते, दुर्गंधीमुळे काठाने चालणे कठीण झाले होते. ही तक्रार खरी होती. उपाय मात्र सरसकट बुलडोझरचा झाला. शेकडो कारखाने, कार्यशाळा, जुन्या इमारती पाडून तेथे हिरवळ करण्यात आली. १९८६ मध्ये फेसखाना बंद झाला, त्याच्याही बहुतेक इमारती गेल्या. उरली ती लोखंडी खांबांची मोठी विणशाळा. खाडी स्वच्छ झाली हे चांगलेच झाले. पण खाडीबरोबर खाडीकाठचा कामगारही पुसला गेला, आणि त्या विणशाळेचे काय करावयाचे हे ठरविण्याच्या वेळी तिच्यात काम केलेला कोणी समोर नव्हता.

पहिले रूपांतर उद्योगपतींच्या पुढाकाराने झाले. औषधनिर्मितीच्या उद्योगातील एजाजीबाशी घराण्याचे नेजात एजाजीबाशी यांना इस्तंबुलात आधुनिक कलेचे संग्रहालय हवे होते. त्यासाठी फेसखाना दुरुस्त करण्यात आला आणि १९९२ मध्ये तिसरे इस्तंबूल द्वैवार्षिक कलाप्रदर्शन येथे भरले. त्याचे संयोजक वासिफ कोर्तून होते. देशोदेशींचे कलावंत आले, लोखंडी खांबांमध्ये आधुनिक कलाकृती मांडल्या गेल्या. परंतु कायम संग्रहालयाचा बेत तडीस गेला नाही. नेजात १९९३ मध्ये वारले. त्यांच्या घराण्याने पुढे २००४ मध्ये बोस्फोरसच्या काठी, बंदरातील एका गोदामात 'इस्तंबूल मॉडर्न' हे संग्रहालय उघडले. फेसखाना पुन्हा रिकामा.

१९९४ च्या निवडणुकीत महापालिका रफाह पक्षाकडे गेली व रजब तय्यब एर्दोआन महापौर झाले. १९९८ मध्ये फेसखाना प्रदर्शने, परिषदा व सांस्कृतिक कार्यक्रमांचे केंद्र म्हणून उघडला. हे दुसरे रूपांतर. आता येथे रमजानच्या रात्री गर्दी होऊ लागली. पुस्तकांची दुकाने, मिठाई, करागोझचे छायानाट्य, सुफी संगीत. अनातोलियाच्या निरनिराळ्या प्रांतांतून इस्तंबुलात पोटासाठी आलेल्या लोकांच्या संघटना येथे आपापल्या प्रांताचे मेळे भरवू लागल्या. खाद्यपदार्थ, नाच, हातमागाचे कापड. कलासमीक्षकांनी या काळाकडे नाक मुरडून पाहिले. आमच्या मते ते बरोबर नाही. जी माणसे द्वैवार्षिक प्रदर्शनाच्या दारातूनही आत गेली नसती, ती या वीस वर्षांत सहकुटुंब या विणशाळेत आली. मात्र तेथेही उस्मानी वैभवाची आठवण होती, टोपीची होती. विणणारीची आठवण कोणी काढली होती काय, हा प्रश्न तेथेही विचारावाच लागतो.

तिसरे रूपांतर अलीकडचे. लांबलेल्या दुरुस्तीनंतर जून २०२३ मध्ये, एक्रेम इमामोग्लू महापौर असताना, 'आर्टइस्तंबूल फेसखाना' या नावाने ते पुन्हा उघडले. 'मध्यापासून आरंभ' अशा अर्थाचे नाव असलेले समकालीन कलेचे मोठे प्रदर्शन भरले. काही दिवसांतच बाहेर निदर्शक जमले. हजरत अय्यूब अन्सारींच्या परिसरात धर्माचा व कुटुंबसंस्थेचा अपमान करणाऱ्या कलाकृती लावल्या, असा त्यांचा आरोप होता. काहींनी आत घुसण्याचा प्रयत्न केला, पोलीस बोलवावे लागले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्षपदाची अत्यंत चुरशीची निवडणूक होऊन गेली होती. तिची धग या वादात होती हे उघड आहे.

या वादात कोणती बाजू बरोबर, याचा निवाडा हैदराबादेत बसून करणे उचित नाही. पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. चित्रकला आणि दीनदार मुसलमान यांचे मुळातच वैर आहे, असे दोन्ही बाजूंनी गृहीत धरले जाते. उस्मानी घराण्यातील अखेरचे खलीफा दुसरे अब्दुल मजीद हे स्वतः कसलेले चित्रकार होते. त्यांनी माणसांची चित्रे काढली. महालातील स्त्रिया बीथोव्हेनचे संगीत वाजवीत आहेत असे त्यांचे एक चित्र प्रसिद्ध आहे. १९२४ मध्ये खिलाफत रद्द झाल्यावर त्यांना देशाबाहेर काढण्यात आले आणि ते फ्रान्समध्ये राहिले.

आणि येथे ही हकीगत आपल्या दाराशी येते. याच अब्दुल मजीद यांची कन्या दुर्रुशेहवार यांचा विवाह १२ नोव्हेंबर १९३१ रोजी फ्रान्समधील नीस येथे निजाम मीर उस्मान अली खान यांचे ज्येष्ठ पुत्र आझम जाह यांच्याशी झाला. आझम जाह यांच्या नावाने वरंगळला १९३४ मध्ये 'आझमजाही मिल' सुरू झाली. ज्या घराण्याने फेसखाना काढला त्या घराण्याच्या जावयाच्या नावाची ही कापड गिरणी. निजाम राज्यातील कापसाचा मोठा भाग मराठवाड्यात पिके. नांदेडची उस्मानशाही मिल, गुलबर्ग्याची महबूबशाही मिल आणि वरंगळची आझमजाही मिल ही सारी त्याच कापसावर उभी राहिलेली भावंडे. या गिरण्यांच्या चाळींत तेलुगू, मराठी, कन्नड व दखनी उर्दू एकाच नळावर ऐकू येत असे. पुढे या गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या, तोट्यात आल्या आणि एकामागून एक बंद पडल्या. आझमजाही मिल २००२ मध्ये कायमची बंद झाली. तिच्या विस्तीर्ण जमिनीचे भूखंड पडले. २०१७ मध्ये वरंगळजवळ नव्या 'काकतीय' वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी झाली तेव्हा आझमजाही मिलचे नाव भाषणांतून आणि वर्तमानपत्रांतून पुन्हा निघाले.

मुंबईची गोष्ट मराठी वाचकांना नव्याने सांगावी लागत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप, १९९१ च्या विकास नियमावलीतील गिरण्यांच्या जमिनीची तीन हिस्स्यांत वाटणी, २००१ मधील दुरुस्तीने त्या वाटणीतून निघालेली हवा आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर केलेले शिक्कामोर्तब. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेत वस्त्रोद्योग संग्रहालय करण्याची महापालिकेची योजना वर्षानुवर्षे रेंगाळली. मुंबईचे एक श्रेय मात्र मान्य केले पाहिजे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातील माणसांच्या मुलाखती घेऊन २००४ मध्ये त्यांचे शंभर आवाज ग्रंथरूपाने जपले. मदनपुऱ्यातील मोमीन विणकर, लालबागचा कोकणी कामगार, बदली कामगार, खानावळ चालविणाऱ्या बायका. मुंबईत इमारती गेल्या, आवाज राहिले. इस्तंबुलात इमारत राहिली, आवाज विरळ झाले. आझमजाही मिलच्या वाट्याला दोन्हींपैकी फारच थोडे आले.

हे लक्षात घेतले म्हणजे फेसखान्याचा प्रश्न नीट मांडता येतो. आधुनिक कला हवी की रमजानचा मेळा हवा, असा तो वाद नाही. मोठ्या शहरातील मोठ्या दालनात दोन्ही मावतील. अडचण अशी की, या दालनाचा स्वतःचा आशय कोणी भरलाच नाही, म्हणून ते रिकामे राहिले आणि ज्याच्या हाती महापालिका त्याने ते भरले. याच फेसखान्यात दोन सक्तींचा इतिहास आहे, १९०८ चा बहिष्कार आहे, बायकांनी मिळून मजुरीसाठी केलेली वणवण आहे. सुमेरबँकेच्या काळातील पाळ्या, भोंगे, अपघात, निवृत्तीचे हिशेब आहेत. हा आशय आधी मांडला असता तर त्याच्या शेजारी समकालीन चित्रेही लागली असती आणि करागोझही नाचला असता. कदाचित निदर्शनेही झाली असती. पण निदर्शकांना आणि चित्रकारांना दोघांनाही आपल्या आज्या याच टोप्या विणत होत्या काय, असे विचारता आले असते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, सांस्कृतिक केंद्र म्हणजे वस्तुसंग्रहालय नव्हे, त्याला वर्तमान हवे. आक्षेप रास्त आहे. हालिचच्या काठावरच सिलाहतारागा येथील जुन्या वीजकेंद्रात २००७ मध्ये उघडलेल्या 'संत्रालइस्तंबूल' या केंद्रात मूळ यंत्रदालन तसेच ठेवून शेजारी कलादालन व विद्यापीठ आणण्यात आले. जिबालीच्या तंबाखू कारखान्यात कादिर हास विद्यापीठ भरते. कायसेरीत सुमेरबँकेचीच १९३५ ची कापड गिरणी आज विद्यापीठाचा परिसर झाली आहे. शिक्षणसंस्थेने जुनी गिरणी घेतली तर तेथे रोज माणसे येतात, आणि निवडणुकीगणिक हेतू बदलण्याचा धोकाही कमी होतो. आपल्या संस्थांना इमारतींची चणचण नेहमीचीच. बंद गिरण्यांच्या जागा मात्र आपण कधी त्या नजरेने पाहिल्या नाहीत.

जागा मिळणे आपल्या हातात नाही हे खरे. परंतु आवाज गोळा करणे हातात आहे, आणि त्याला वेळ फार थोडा उरला आहे. २००२ मध्ये चाळिशीत असलेला कामगार आज साठी ओलांडून गेला आहे. त्याच्या आधीची पिढी जवळजवळ संपली. गेल्या वर्षी आमच्या पदवीच्या विद्यार्थ्यांना मी घरातील गिरणीसंबंधी कोणतीही वस्तू आणावयास सांगितली होती. बहुतेकांनी मोकळ्या हाताने येऊन 'सर, घर में कुछ नहीं है' असे सांगितले. नांदेडहून आलेल्या एका विद्यार्थिनीने मात्र रुमालात बांधून पितळेचा एक गोल बिल्ला आणला. तिच्या आजोबांचा, उस्मानशाही मिलचा. त्यावर फक्त एक आकडा कोरलेला होता. आजोबा रोज सकाळी तो दाखवून आत जात, एवढेच तिला ठाऊक होते. कोणत्या खात्यात काम करीत, साच्यावर की सूतकताईत, पाळी कोणती, मजुरी किती, संपात होते काय, हे तिने कधी विचारले नव्हते. आजी हयात आहे, दखनी बोलते, ऐकू कमी येते. सुटीत घरी जाऊन आजीजवळ बसायचे आणि ती सांगेल ते तिच्याच बोलीत लिहून आणायचे, असे ठरले. तिने अकरा पाने लिहून आणली. त्यांतील तीन पाने गिरणीच्या भोंग्यावर आहेत, कारण आजोबा गिरणीत असले तरी त्या भोंग्यावर स्वयंपाक आजीचा चाले.